वाटणीपत्रात राहून गेलेली ओळ

शेताची वाटणी करायला भाऊ बसले म्हणजे कशाचीही मोजणी राहत नाही. बांध मोजला जातो. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरतात. कुणाची दिवसाची, कुणाची रात्रीची, तेही ठरते. बांधावरच्या आंब्याचे आंबे कुणी किती न्यायचे, खोंडे कुणाच्या दावणीला बांधायची, औताची वाट कुठून सोडायची, हे सगळे पंचांसमोर बोलून कागदावर येते. ज्यांनी ती जमीन आजवर राखली ते म्हातारा-म्हातारी ओट्याच्या कडेला बसून ऐकत असतात. त्यांच्याविषयी शेवटी कुणीतरी म्हणते, "आईबाप काय कुणाला जड हायेत व्हय? बघू की." आणि त्या 'बघू की'वर बैठक उठते.

कृषी विस्तार अधिकारी म्हणून मी जवळजवळ तीस वर्षे गावोगाव फिरतो आहे. बी.एस्सी.ला असताना माती, बियाणे, खते आणि कीड-रोग शिकलो. पण जो माणूस इतकी वर्षे शेतकऱ्यांच्या ओट्यावर बसून चहा पितो, त्याला पिकाबरोबर घरेही दिसू लागतात. ठिबकच्या अनुदानाचा अर्ज भरायला सातबारा मागितला की घरातली सगळी हकीकत त्या एका कागदातून बाहेर येते. कुठे ऐंशीच्या पुढचे आजोबा अजून खाते सोडत नाहीत आणि पन्नाशीचा मुलगा प्रत्येक सहीसाठी त्यांच्यापुढे उभा असतो. "सोडलं की माझं कुत्रं व्हईल," असे आजोबा खासगीत सांगतात. तर कुठे सगळे नावावर करून दिलेला बाप एस.टी.च्या तिकिटासाठी नातवाकडे हात पसरतो. एकाला भीती वाटते आणि दुसऱ्याच्या बाबतीत ती भीती खरी झालेली असते.

आणखी एक प्रकार आपल्याला इतका सवयीचा झाला आहे की त्यात काही वावगे आहे असे वाटतही नाही. तो म्हणजे पाळी. महिनाभर थोरल्याकडे, महिनाभर धाकट्याकडे, अमावास्येला गाठोडे उचलायचे आणि पुढच्या दारात जायचे. काही घरांत आई एकाकडे आणि बाप दुसऱ्याकडे. पन्नास वर्षे एका चुलीवर जेवलेली दोन माणसे उतारवयात एकमेकांना देवळाच्या पारावर भेटतात. मुले वाईट असतात असे नाही. वाटणी सारखी व्हावी, एवढाच त्यांचा हिशेब असतो. पण बैलजोडी फोडताना आपण दहादा विचार करतो.

माझी भाची समाजशास्त्रात एम.ए. झाली. म्हातारपण आणि घरचा सांभाळ या विषयावर देशोदेशींच्या अभ्यासकांनी काय पाहिले, याची पुस्तके तिने मला वाचायला आणून दिली. तोवर मीही आपल्या सर्वांसारखेच समजत होतो, की परदेशात म्हाताऱ्यांना आश्रमात टाकतात आणि आपल्याकडे घरात सांभाळतात. वाचल्यावर कळले की यातले कुठलेच अर्धे पुरते खरे नाही. जगात बहुतेक ठिकाणी म्हाताऱ्या माणसाचा मोठा सांभाळ घरचीच माणसे करतात. फरक आहे तो एवढाच, की काही समाजांनी हा सांभाळ आधी बोलून ठरवला आणि काहींनी तो नशिबावर सोडला.

आयर्लंडचे उदाहरण घ्या. १९३०च्या दशकात कॉनरॅड एरेन्सबर्ग आणि सोलन किंबॉल हे दोन अमेरिकन अभ्यासक त्या देशाच्या पश्चिमेकडील क्लेअर परगण्यात जाऊन राहिले. १९४० साली त्यांचे पुस्तक निघाले. तेथील शेतकरी आपल्यासारखेच. थोडी जमीन, थोडी गुरे, बटाट्याचे पीक. बाप हयात असेतो चाळिशीचा मुलगाही घरात 'पोरगा'च. पण मुलाचे लग्न ठरले की दोन्हीकडची माणसे वकिलापुढे बसत आणि कागद होई. शेत मुलाच्या नावावर होई, आणि त्याच कागदात म्हाताऱ्या जोडप्याची राहण्याची जागा आणि पोटाची तरतूद लिहिली जाई. मग ते दोघे घरातल्या पश्चिमेकडच्या खोलीत जात. ती अडगळीची खोली नसे. घरातले चांगले सामान, देवाच्या तसबिरी, घराण्याचे फोटो तिथेच असत. कारभार सुटला तरी मान सुटत नसे.

जर्मनी, ऑस्ट्रिया आणि उत्तर युरोपातल्या शेतकऱ्यांत तर ही रीत शेकडो वर्षांची आहे. शेत सोपवताना लेखी करार होई. वर्षाला धान्य किती, दूध किती, अंडी किती, सरपण किती, खोली कोणती, आजारपणात सेवा कुणी करायची, हे त्यात मांडलेले असे. स्वित्झर्लंडच्या बर्न भागात मोठ्या शेतघराशेजारी एक छोटे टुमदार घर दिसते. त्याला तिकडे 'श्टोक्ली' म्हणतात. शेत पोराकडे दिले की म्हातारा-म्हातारी त्या घरात राहायला जातात. चूल वेगळी, अंगण एक.

वाचकहो, कागद झाला म्हणजे माया आली असे मी म्हणत नाही. त्या करारांवरूनही भांडणे होत आणि कोर्टात जात. याच जर्मन मुलखातली ग्रिम बंधूंनी १८१२ साली छापलेली एक गोष्ट आहे. हात थरथरणाऱ्या आजोबाला लाकडी वाडग्यात जेवण देतात, आणि छोटा नातू आईबापांसाठी तसेच लाकडी भांडे करायला घेतो. आपल्याकडे सासूच्या करवंटीची गोष्ट सांगतात, तशीच ही. म्हणजे माणूस इथून तिथून सारखाच. पण भांडण झालेच तर हातात कागद असलेल्या म्हाताऱ्याला तो दाखवून आपला हक्क मागता येई. ज्याच्याकडे कागद नाही त्याला फक्त रडता येते.

खाते सोडायचे केव्हा, हाही प्रश्न तिकडच्या सरकारांपुढे आला. पश्चिम जर्मनीने १९५७ साली शेतकऱ्यांसाठी वृद्धापकाळची मदत सुरू केली. ती मिळण्यासाठी अट अशी, की शेत पुढच्या पिढीकडे द्यायचे. त्यामुळे कारभार वेळेवर तरुण हातांत गेला. परंतु पुढे ही अट अनेकांना जाचक होऊ लागली, तेथील घटना न्यायालयाने तिच्यावर बोट ठेवले आणि २०१८ साली ती रद्द झाली. यातून मी एवढेच घेतो: सोपवणे चांगले, पण सोपवणाऱ्याच्या पायाखाली जमीन ठेवून.

ऑस्ट्रियातील लिओपोल्ड रोझेनमायर या समाजशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात व्हिएन्नामधल्या म्हाताऱ्या माणसांचा अभ्यास केला. त्याला आढळले ते असे, की पुष्कळ वृद्धांना मुलांच्या घरात मिसळून राहायचे नव्हते आणि मुलांपासून तुटायचेही नव्हते. हाकेच्या अंतरावर, पण आपल्या दारात, असे त्यांना हवे होते. आपल्या गावातही अशी कितीतरी माणसे मी पाहतो. मळ्यातल्या खोपटात वेगळी चूल मांडून राहणारा म्हातारा नेहमीच टाकलेला असतो असे नाही. कधी कधी तो आपल्या मर्जीने राहिलेला असतो. सुनेच्या हातून रोज दोन भाकरी जातात, नातू संध्याकाळी अभ्यासाला जातो, आणि आजोबांची तंबाखूची चंची कुणी लपवत नाही. तेव्हा एका छपराखाली म्हणजे सांभाळ आणि दोन छपरांखाली म्हणजे हेळसांड, असा झटकन निवाडा करू नये. विचारावे, की त्यांना काय हवे आहे.

आपल्या देशातही असा अभ्यास झाला आहे. सारा लॅम्ब नावाची अमेरिकन विदुषी पश्चिम बंगालमधल्या एका खेड्यात जाऊन राहिली. २००० साली तिचे पुस्तक आले. तेथील लोकांनी तिला सांगितले ते आपल्या आजीने सांगावे तसेच आहे. आईबापांनी लहानपणी भरवले, धुतले, हगणे-मुतणे काढले; ते लेकरांवरचे ऋण. आईबाप म्हातारे झाले की भरवायचे, धुवायचे, काढायचे. ती त्या ऋणाची फेड. पिढीमागून पिढी हे चक्र चालते. विचार फार सुंदर आहे. पण माझ्या मनात एक गोष्ट येते. ऋण असते लेकाच्या डोक्यावर, आणि फेडायला बसते ती सून, जी त्या घरात लहानाची मोठी झालेलीच नसते.

या ठिकाणी जपानची हकीकत मला फार विचार करायला लावणारी वाटली. तिथेही आपल्यासारखीच रीत. थोरल्या मुलाने आईबापांजवळ राहायचे आणि त्याच्या बायकोने त्यांची सेवा करायची. १९७२ साली सावाको आरियोशी या लेखिकेची एक कादंबरी आली. भ्रम झालेल्या सासऱ्याला सांभाळणाऱ्या नोकरदार सुनेची ती कथा. तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. घरोघरी जे चालले होते आणि कुणी बोलत नव्हते, ते तिने बोलून दाखवले. लोकांत चर्चा झाली, बायकांच्या संघटनांनी आवाज उठवला, आणि बऱ्याच वर्षांनी, १ एप्रिल २०००पासून, जपानने सांभाळाचा विमा सुरू केला. वयाच्या चाळिशीपासून प्रत्येकाने हप्ता भरायचा. निम्मा खर्च हप्त्यांतून, निम्मा सरकारी करांतून. त्यातून म्हाताऱ्या माणसाला घरी येऊन आंघोळ घालणारी माणसे मिळतात. दिवसभर बसण्या-जेवण्याची केंद्रे आहेत; सकाळी गाडी नेते, संध्याकाळी आणून सोडते. हा विमा घरच्यांच्या हाती रोख पैसे देत नाही, सेवा देतो. पैसे दिले तर 'आता पैसेही मिळतात, कर की' म्हणून सुनेला आणखी जखडतील, अशी बायकांना भीती होती. जर्मनीने १९९५मध्ये असाच विमा सुरू केला, पण तिथे पैसे घ्यायचे की सेवा, हे घरावर सोडले. शिवाय घरी सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या नावे निवृत्तिवेतनाचा हप्ताही तो विमा भरतो. म्हणजे सेवा करणाऱ्याच्या म्हातारपणाचीही सोय.

जपानने पुढे आणखी एक पाऊल टाकले. सासू-सासऱ्यांच्या मालमत्तेत सुनेला वारसा नव्हता. मुलाची बायको वीस वर्षे राबली तरी मृत्यूनंतर वाटणी व्हायची ती मुलांमुलींत. १ जुलै २०१९पासून तिथला कायदा बदलला. ज्या सुनेने मोबदला न घेता सेवा केली, तिला त्याबद्दल वारसांकडून पैसे मागता येतात. सुनेची सेवा ही काडीने मोजायची वस्तू नव्हे, हे मलाही कळते. परंतु मोजायचीच नाही म्हटले की ती फुकट धरली जाते, हेही तितकेच खरे.

पुंडलिकाची कथा आपण सारे जाणतो. तो आईबापांचे पाय चेपत बसला म्हणून देवही विटेवर थांबला. आषाढीला लाखो माणसे त्या विटेच्या ओढीने चालत जातात. घरोघरच्या पुंडलिकांना मी नमस्कार करतो. पण ज्या घरात पुंडलिक पाय चेपतो, त्या घरात पाणी कोण तापवते, लुगडी कोण धुते आणि रात्री दोन वेळा कोण उठते, हेही एकदा बघावे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या घरी आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी न्हाणीत पाय घसरला, खुब्याचे हाड मोडले, तेव्हापासून ती अंथरुणाला आहे. गावी थोरल्या भावाकडे असते. मी नोकरीच्या गावी. दर महिन्याला पैसे पाठवतो, सुट्टीला जातो. दादा चारचौघांत म्हणतो, "आई माझ्याकडे आहे." त्यात खोटे काही नाही. गेल्या उन्हाळ्यात असेच तो बोलला आणि चहाचा कप ठेवताना वहिनी हळूच म्हणाली, "भाऊजी, आत्याबाई माझ्याकडं हायती. तुमच्या दादाकडं न्हाईत." तिच्या आवाजात राग नव्हता. विहिरीचे पाणी किती फूट खाली गेले हे सांगावे, तसे तिने सांगितले. वहिनी स्वतः साठीची. दोन-दोन तासांनी आईची कूस बदलते, म्हणून आईच्या पाठीला आजवर जखम नाही. पण वहिनीची कंबर गेली. तीन वर्षांत ती माहेरी एक रात्र राहिली नव्हती.

त्या दिवाळीत आम्ही भावंडे बसलो. दादा, मी, धाकटी बहीण, आमच्या बायका, आणि मधोमध खाटेवर आई. वडिलांच्या मागे आईच्या नावे दीड एकर आला आहे, त्यात ऊस असतो. ठरले असे, की त्या उसाचे बिल यापुढे वहिनीच्या खात्यावर जायचे आणि त्याचा हिशेब कुणी मागायचा नाही. औषधपाणी मी बघायचे. भांडी, धुणे, लादी यांसाठी सकाळी बाई लावायची. आईला परक्या बाईने अंगाला हात लावलेला चालत नाही, म्हणून आंघोळ वहिनीच घालणार. बहिणीने दर तीन महिन्यांनी पंधरा दिवस यायचे आणि त्या पंधरा दिवसांत वहिनीने माहेरी नाहीतर लेकीकडे जायचे. रात्री कूस बदलायचा एक फेरा दादाचा. हे वहीत लिहिले, सगळ्यांनी सह्या केल्या, आईचा अंगठा घेतला. दादाला आधी थोडे लागले. "घरातल्या घरात सह्या कशाला?" तो म्हणाला. आईनेच उत्तर दिले, "पाण्याच्या पाळीला घेतुस न्हवं सह्या?"

सगळे सुरळीत झाले असे सांगून मी कुणाला फसवणार नाही. बहिणीच्या घरी लग्न निघाले तेव्हा एक पाळी चुकली. बाई कधी येते, कधी येत नाही. पण वहिनी आठ दिवस माहेरी जाऊन आली, आणि पाळी चुकली तेव्हा ती चुकली हे सगळ्यांना कळले. आधी चुकायला काही ठरलेलेच नव्हते.

आता कायद्याविषयी थोडे. २००७ साली आपल्या देशात आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा झाला. ज्यांना स्वतःचे भागवता येत नाही त्यांना मुलगा, मुलगी, सज्ञान नातू-नात यांच्याकडून महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत चरितार्थ मागता येतो. अर्ज उपविभागीय पातळीवरच्या न्यायाधिकरणापुढे, म्हणजे प्रांतसाहेबांकडे करायचा. त्याच कायद्याचे कलम २३ प्रत्येक शेतकऱ्याने ध्यानात ठेवावे. जमीन किंवा घर बक्षीसपत्राने देताना 'माझी देखभाल करायची' ही अट घातली असेल आणि घेणाऱ्याने ती पाळली नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येते. अट तोंडी होती की नव्हती यावर पुढे वाद माजतात. म्हणून ती कागदातच लिहून घ्यावी. दुय्यम निबंधकाकडे जाण्यापूर्वी एक ओळ वाढवायला काही खर्च येत नाही.

चीनने १ जुलै २०१३पासून असा नियम केला, की वेगळ्या राहणाऱ्या मुलांनी म्हाताऱ्या आईबापांना वरचेवर भेटले पाहिजे. कायद्याने भेट घडवता येईल, पण खाटेजवळ बसून 'आज काय खावंसं वाटतं' हे कायदा विचारणार नाही. ते घरच्यांनीच विचारायचे. मात्र पोटाची आणि औषधाची चिंता मिटलेली असली म्हणजे असे विचारायला मन मोकळे राहते. म्हणून सरकारी मदतीची लाज बाळगू नये. ६५ वर्षांवरील गरीब वृद्धांसाठी आपल्या राज्यात श्रावणबाळ योजना आहे; २०२३ साली तिची रक्कम महिना १,५०० रुपये केली. ऑक्टोबर २०२४पासून ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत इस्पितळात दाखल होऊन घ्यायच्या उपचारासाठी वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. कार्ड काढून ठेवावे. दुखणे आल्यावर धावपळ करू नये.

आणि कागद करायचाच तर तो हातपाय चालत असताना करावा. पेरणीची तयारी आपण पाऊस आल्यावर करत नाही. म्हाताऱ्यांच्या नावावर थोडी जमीन अखेरपर्यंत राहू द्यावी. तिचे उत्पन्न कुणी घ्यायचे ते लिहावे. दोघांना एकत्र ठेवायचे, हे लिहावे. त्यांची राहायची जागा, दूध, औषध, हातखर्च लिहावा. सेवा कोण करणार त्या माणसाचे नाव लिहावे, आणि त्याला विसावा केव्हा तेही लिहावे. लेकीलाही त्या बैठकीला बोलवावे. हक्कसोडपत्रावर सही घेण्यापुरती तिची आठवण काढू नये.

मी तीन वर्षांनी निवृत्त होईन आणि गावी जाईन. आई तोवर असली तर रात्रीचे फेरे माझे, हे मी सांगून ठेवले आहे. आमचा मुलगा पुण्याला, मुलगी नाशिकला. आमच्या दोघांच्या पुढच्या दिवसांविषयी मी त्यांच्यापुढे बोलायला सुरुवात केली तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, आत्ताच कशाला?" पण आमच्या सौभाग्यवतीने मध्येच मला विचारले, "तुमच्यासाठी लिहाल ते लिहा. तुमच्या मागे मी राहिले तर काय, ते कुठे लिहिणार?" तिचे म्हणणे बरोबर आहे. बायका नवऱ्यापेक्षा वयाने लहान असतात आणि जास्त जगतात. नवऱ्याच्या अखेरच्या दुखण्यात बायको उशाशी असते. बायकोच्या अखेरच्या दुखण्यात बहुतेक वेळा नवरा नसतो. म्हणून वाटणीपत्रात आईचे नाव वडिलांच्या नावामागे जोडून चालणार नाही. तिची ओळ वेगळी घाला.